नाही म्हणायचीही सोय हवी

मे महिन्यात देवबागात कुणालाही विचारा, नेट कसं चालतं. उत्तर ठरलेलं : ‘रेंज फुल आसा, पन नेट चलना नाय.’ मोबाईलच्या कोपऱ्यात चार दांड्या ताठ मानेने उभ्या. खाली चक्र गरगर फिरतंय. आणि मुंबईहून पाचशे किलोमीटर गाडी हाकत आलेला पाहुणा समुद्राकडे पाठ करून त्या चक्राकडे बघत बसलाय.

देवबागची रचनाच अशी की गर्दीला पसरायला जागा नाही. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर गाव, आणि गावात शिरायला तारकर्लीकडून येणारा एकच रस्ता. दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात या पट्टीवर मावतील त्याहून जास्त माणसं उतरतात. रस्ता तुंबला की ते दिसतं. हॉर्न वाजतात, कुणीतरी उतरून वाहतूक सोडवायला उभा राहतो, दोन शिव्या इकडून, दोन तिकडून, आणि गाडी हलते. टॉवर तुंबला की काहीच दिसत नाही. दांड्या तशाच चार.

कारण दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय. तुमचं ऐकायला टॉवरला फुरसत आहे की नाही, याबद्दल त्या मौन पाळतात.

*

तर प्रश्न असा, की या गर्दीत आधी कोण?

इंटरनेटचं मूळचं उत्तर : कुणीच नाही. सगळी पाकिटं, म्हणजे माहितीचे तुकडे, सारखी. आलेलं पाकीट रांगेत लावायचं, रांग भरली की नवं पाकीट सरळ फेकून द्यायचं. या धोरणाचं नाव ‘बेस्ट एफर्ट’. म्हणजे प्रयत्न करू, हमी देणार नाही. आपल्याकडची बरीच कार्यालयं याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच की इंटरनेटवर फेकलेलं पाकीट पुन्हा मागवता तरी येतं.

असं नाही की कुणाला सुचलं नव्हतं. १९८१ साली छापलेल्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या नियमपत्रातच प्रत्येक पाकिटावर त्याचं महत्त्व लिहायला रकाना होता. आठ पायऱ्या होत्या, त्यांत ‘फ्लॅश’ आणि ‘फ्लॅश ओव्हरराइड’ अशा लष्करी थाटाच्या पायऱ्याही होत्या. रकाना झकास होता. वाटेतल्या बहुतेक यंत्रांनी तो कधी वाचला नाही, एवढीच काय ती अडचण.

आपल्या पोस्ट आणि तार खात्याने हा प्रश्न त्याही आधी सोडवला होता, आणि तोही रोखठोक. ट्रंक कॉलचे तीन दर्जे : ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. अर्जंटला दुप्पट पैसे, लाइटनिंगला आठपट. एक्स्चेंजमधल्या बाई आधीच सांगायच्या, ‘ऑर्डिनरीला तीन-चार तास लागतील.’ ऐकणारा चरफडायचा, पण कुठे उभा आहे ते त्याला कळायचं. मग तो जेवून यायचा. आजचं चक्र आपल्याला जेवायलाही उठू देत नाही, कारण पुढच्या क्षणी ते थांबेल अशी आशा लावून ठेवतं.

*

१९९० च्या दशकात संगणकशास्त्रज्ञांना वाटलं, इंटरनेटवरून आवाज आणि चित्र पाठवायचं तर हे ‘प्रयत्न करू’ पुरणार नाही. बोलण्याला उशीर सोसत नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तेव्हा आधी जागा राखून ठेवायची आणि मग बोलायचं. या राखीव जागेची मागणी करणारा प्रोटोकॉल सप्टेंबर १९९७ मध्ये प्रमाण म्हणून छापून आला. त्याचं नाव आरएसव्हीपी.

तो कसा चालतो ते समजायला चाकरमान्याला विचारा. गणपतीला मुंबईहून देवबागात यायचं म्हणजे कुडाळपर्यंत रेल्वे, कुडाळहून मालवणपर्यंत एसटी, मालवणहून देवबागपर्यंत रिक्षा. तिन्ही ठिकाणी जागा मिळाली तर प्रवास. एक दुवा तुटला की कुडाळच्या फलाटावर ट्रंकेवर बसून राहा. आरएसव्हीपी नेमकं हेच सांभाळतो. पाठवणाऱ्याचा निरोप वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावरून पुढे जातो : ‘एवढं सामान येणार आहे.’ शेवटच्या टोकाला असलेला घेणारा मग उलट दिशेने, त्याच ठाण्यांवरून मागणी पाठवतो : ‘एवढी जागा ठेवा.’ प्रत्येक ठाणं आपली वही बघतं. जागा असेल तर ‘ठेवली’, नसेल तर ‘नाही’.

यात आणखी एक शहाणपण आहे. ठेवलेली जागा कायमची नसते. दर ३० सेकंदांनी ‘अजून हवी आहे हां’ असं कळवत राहावं लागतं. ओळीने काही निरोप चुकले की सुमारे अडीच मिनिटांत जागा आपोआप मोकळी. कुणाची वायर तुटली, कुणाचा संगणक मेला, तरी रद्द करायला कुणी येण्याची गरज नाही. आमच्या सरकारी खात्यांत आठवण केली नाही तर काम मोकळं होतं. इथे निदान जागा मोकळी होते.

मग बिघडलं कुठे? वहीत. कुडाळच्या ठाण्याला शंभर प्रवाशांची नोंद जमेल. पण मुंबईतल्या इंटरनेटच्या मोठ्या कण्यावरच्या (बॅकबोनवरच्या) यंत्रातून एकाच वेळी लाखो संभाषणं जातात. प्रत्येकाची वेगळी नोंद, आणि प्रत्येक नोंदीचा दर ३० सेकंदांनी ताजा निरोप. यंत्राने पाकिटं हलवायची की वह्या भरायच्या? गंमत म्हणजे ज्या महिन्यात आरएसव्हीपी छापला गेला, त्याच महिन्यात दुसरा कागदही छापला गेला. त्यात म्हटलं होतं की मोठ्या कण्यांवर सध्या हे वापरू नये. औषध आणि ‘हे औषध घेऊ नये’ ही सूचना एकाच महिन्यात बाजारात.

*

तेव्हा सगळ्यांच्या मनात आलं, निरोप हलका करू या.

१९९८ मध्ये पिंग पॅन आणि कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन यांनी ‘येस्सर’ नावाची युक्ती मांडली. आरएसव्हीपीचा वेगळा निरोप्या कशाला, असा त्यांचा सवाल. आवाज आणि चित्र वाहून नेणारा आरटीपी हा प्रोटोकॉल ठरावीक काळाने हिशेबाची चिठ्ठी पाठवतच असतो : इतकी पाकिटं गेली, इतकी हरवली. शुल्झरिन स्वतः त्या आरटीपीच्या कर्त्यांपैकी एक. त्याच चिठ्ठीत जागेची मागणी खोचून दिली की काम झालं. मागणी पाठवणाऱ्याकडून निघते, घेणाऱ्याच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही.

‘येस्सर’चा खरा मासला पुढे आहे. वाटेत एखाद्या ठाण्यावर जागा नसेल तर सगळा प्रवास रद्द होत नाही. जिथे मिळाली तिथे राखीव, जिथे नाही तिथे गर्दीतून, आणि पुढच्या चिठ्ठ्या जातील तसतशी जागा मिळत गेली तर उत्तम. हे शिकायला कोकण रेल्वेच्या प्रवाशाला अमेरिकेत जायची गरज नाही. तो याला आरएसी म्हणतो आणि गणपतीत ते मिळालं तरी पेढे वाटतो.

१९९९ मध्ये हंगेरी आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी ‘बूमरँग’ आणला. तो आणखी हलका. तुम्ही ‘पिंग’ हा शब्द ऐकला असेल : पलीकडचा संगणक जिवंत आहे का, हे बघायला मारलेली हाक. जवळजवळ प्रत्येक संगणकाला त्या हाकेला ओ देता येते. बूमरँगने जागेची मागणी त्या हाकेवरच बसवली. हाक जाता जाता जागा राखत जाते, पलीकडचा संगणक नेहमीप्रमाणे ओ देतो, आणि ती ओ परत आली की समजायचं, जागा मिळाली. पलीकडच्याला आपण कशात सामील झालो याचा पत्ताही नाही. सगळी जबाबदारी मागणाऱ्यावर.

पुढे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या मंडळींनी जवळजवळ दशकभर बैठका घेऊन या विषयावर नवी चौकट उभी केली. २०१० मध्ये तिची कागदपत्रं छापून आली. ती वाचणारे बरेच, बसवणारे थोडे.

निरोप एवढा हलका होऊनही जगाने तो उचलला नाही. कारण ओझं निरोपात नव्हतं, शब्द देण्यात होतं. मुंबईच्या एका कंपनीच्या यंत्राने ‘जागा ठेवली’ म्हटलं, की दुसऱ्या कंपनीच्या, तिसऱ्या देशातल्या यंत्राने तो शब्द पाळायचा. का पाळायचा? पैसे कुणी दिले? मोडला तर जाब कुणाला विचारायचा? या प्रश्नांना पिंगमध्ये खोचता येईल असं उत्तर अजून कुणाला सापडलेलं नाही.

*

काहींनी मागणी करणंच सोडून दिलं. १९९८ च्या डिसेंबरात ‘डिफसर्व्ह’ आला. विचारायचं नाही, राखायचं नाही, वही ठेवायची नाही. पाकिटावर ६ बिटांची चिठ्ठी चिकटवायची : मी आवाज आहे, मी घाईत आहे, मी फालतू आहे. एकूण ६४ प्रकारच्या चिठ्ठ्या. आवाजासाठी बहुधा ४६ क्रमांकाची लावतात. यंत्र चिठ्ठी बघतं आणि त्या रांगेत ढकलतं. याहून हलकं काय असणार?

पण चिठ्ठी फुकट चिकटवता येते म्हटल्यावर स्वतःला फालतू कोण म्हणवून घेईल? म्हणून एका कंपनीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत शिरताना पाकिटावरची चिठ्ठी बहुतेक वेळा फाडली जाते. ४६ चा शून्य होतो. वशिला होता, पण तो मागच्या गावचा.

*

आता पुन्हा देवबागला, नदी आणि समुद्राच्या संगमावरच्या बोटींपाशी या. संध्याकाळची वेळ. दहा पाहुणे त्सुनामी आयलंड बघून परतलेत. नऊजण रील चढवतायत, दहावा यूपीआयने बोटीचे पैसे भरतोय. पैशांचा निरोप काही किलोबाइटचा, रील कित्येक मेगाबाइटचं. टॉवरच्या लेखी दोघं सारखेच. चक्र फिरतंय. बोटवाला म्हणतो, ‘वायच थांबा सायबानु, पैशे अजून इले नाय.’ पाहुणा म्हणतो, ‘माझ्याकडून गेलेत.’ दोघंही खरं बोलतायत. पुढची फेरी खोळंबली, भरती-ओहोटी कुणासाठी थांबत नाही, आणि नऊ रीलांपैकी तीन एकाच डॉल्फिनची आहेत.

सेवेचा दर्जा म्हणजे काय, याचा धडा कुठल्या विद्यापीठात शिकायची गरज नाही. जे छोटं आहे आणि ज्यावर कुणाची चूल पेटते, ते मोठ्या आणि फुरसतीच्या मागे अडकून पडतं. एका हलक्या चिठ्ठीने ते पुढे सरकू शकतं. सरकत नाही.

*

पण थांबा. त्याच जागी, त्याच वेळी साधा फोन लावून बघा. बहुतेक वेळा लागतो. व्हॉट्सअॅपचा कॉल तुटतो आणि साधा कॉल चालतो, हे देवबागकरांना अनुभवाने ठाऊक आहे. कारण मात्र क्वचितच कुणी सांगतं.

फोरजीवरचा साधा कॉल सुरू झाला की मोबाईल आणि कंपनीचं यंत्र यांच्यात खरोखर जागा राखली जाते. तिला वर्ग क्रमांक १ असतो, ठरावीक वेगाची हमी असते, आणि पाकिटाला १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर होऊ नये असं लक्ष्य असतं. तुमचं रील, तुमचं यूपीआय आणि व्हॉट्सअॅपचा कॉल हे सगळे साधारणपणे वर्ग ९ मध्ये. तिथे ३०० मिलिसेकंदही चालतात आणि वेगाची हमी काहीच नाही. वर्ग १ मध्ये जागा नसेल तर नवा कॉल लागतच नाही. नकार येतो. तुम्ही पुन्हा लावता.

म्हणजे जागा राखण्याची जी गोष्ट जगाला जमली नाही म्हणून इतकी वर्षं रडगाणं चाललंय, ती तुमच्या खिशात रोज घडते. फरक इतकाच की ती एका मालकाच्या कुंपणाच्या आत घडते. टॉवर त्याचा, यंत्र त्याचं, ग्राहक त्याचा, बिल त्याचं. शब्द कुणी द्यायचा आणि कुणी पाळायचा, हा घोळच नाही. मोठ्या कंपन्यांच्या पोटातल्या जाळ्यांतही आरएसव्हीपीचंच एक भावंड २००१ पासून काम करतंय. तेही कुंपणाच्या आत. कुंपण ओलांडलं की सगळे पुन्हा ‘प्रयत्न करू’.

*

इथे कुणीतरी म्हणेल, मग घ्या की पैसे आणि द्या पुढची जागा! तो प्रयोगही झाला. जास्त पैसे देणाऱ्याला जास्त वेग, अशा योजना एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया यांनी आणल्या होत्या. जुलै २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने त्या थांबवायला सांगितल्या आणि विचारलं, बाकीच्या ग्राहकांच्या वेगाचं काय? प्रश्न रास्त होता. चिंचोळ्या पट्टीवर एकाला पुढे नेलं की दुसरा मागे जातो. जागा वाढत नाही. नेटवर भेदभाव नको हे तत्त्व सरकारने जुलै २०१८ मध्ये स्वीकारलं, तेही ठीकच झालं. पण भेदभाव नको याचा अर्थ सगळ्यांना सारखंच रखडवा असा नाही. त्या तत्त्वातही वाजवी वाहतूक नियंत्रणाला जागा ठेवलेली आहे. यूपीआयच्या चार किलोबाइटला पुढे जाऊ देणं वाजवी नसेल, तर वाजवी या शब्दाने दुसरी नोकरी शोधावी.

*

आणि जागा राखण्याच्या सगळ्या बाता वीज असेपर्यंतच्या. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला घासून गेलं. खांब पडले, तारा तुटल्या, दिवसच्या दिवस वीज नव्हती. बॅटरी संपली की टॉवर म्हणजे नुसता लोखंडाचा सांगाडा. त्या दिवसांत मुंबईतल्या लेकाला ‘आमी बरे आसो’ एवढं कळवायचं होतं. तीन शब्द. त्यांना वर्ग १ नको होता, ९ नको होता. टॉवर जिवंत हवा होता. शून्याला कितीही अग्रक्रम द्या, हाती शून्यच.

ट्रायने २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम केले. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते लागू झाले. त्यात चांगल्या गोष्टी आहेत. कंपनीने आपल्या सेवेचा नकाशा संकेतस्थळावर ठेवायचा. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद पडली तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची.

आता हेच नियम देवबागात उभे राहून वाचा. नकाशावर रंग भरला की गाव ‘सेवेत’. मेच्या संध्याकाळी त्या रंगात काय चालतं, हे नकाशा सांगत नाही. भरपाईसाठी जिल्हा बंद पडावा लागतो. एकटं देवबाग चार दिवस बंद राहिलं तर जिल्ह्याच्या अंगावर ओरखडाही नाही. आणि नैसर्गिक आपत्तीने सेवा बंद पडली तर भरपाईतून सूट आहे. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नदी असलेल्या, किनारा खचू नये म्हणून बंधारा मागत बसलेल्या गावाला हा नियम म्हणजे पोहता येणाऱ्यांसाठीच विमा.

*

निकाल असा. निरोप हलका करायला हरकत नाही. येस्सर झालं, बूमरँग झालं, चिठ्ठ्या झाल्या, हुशार माणसांनी आपलं काम चोख केलं. पण जागा राखणारी खरी व्यवस्था तीच, जी वेळेवर ‘नाही’ म्हणते आणि त्या ‘नाही’ची जबाबदारी घेते. ट्रंक कॉलच्या बाई म्हणायच्या. कुडाळचा टीसी म्हणतो. वर्ग १ चा कॉल म्हणतो. फक्त नेट म्हणत नाही. ते चार दांड्या दाखवून सगळ्यांना हो म्हणतं आणि कुणालाच नीट काही देत नाही.

तेव्हा मागण्या तीन. बंद पडलेल्या सेवेचा हिशेब जिल्ह्याचा नको, गावाचा ठेवा. किनाऱ्यावरचा टॉवर विजेशिवाय किती तास तग धरतो, हे नकाशावर लिहा आणि वादळाची सूट त्या तासांनंतरच द्या. आणि टॉवर भरला असेल तर फोनवर स्पष्ट दाखवा : जागा नाही, नंतर या.

हे होईपर्यंत वाचकांना एकच सांगणं. देवबागात याल तर रील घरी परतल्यावर चढवा, आणि बोटवाल्यासाठी रोख पैसे आणा. तेही सुटे.